पॅड नीट करून आण, मग चावीचं बघू

अण्णांच्या गाडीचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की ऐकणारा आपली गोष्ट सोडून त्याच्या मामाच्या गाडीवर घसरतो, हा माझा आजवरचा अनुभव आहे. गोल दिवे, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, आणि आत बसलं की माणूस सोफ्यात बसल्यासारखा खचतो, एवढं पुरे. रंग पांढरा. म्हणजे अण्णा म्हणतात पांढरा, आई म्हणते साईसारखा पिवळट. वयानं माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मी एक्कावन्नची आहे आणि शाळेत गणित शिकवते. त्यामुळं माझा आवाज मोठा आणि राग नाकाच्या शेंड्यावर, असं घरचे म्हणतात. शाळेतले तोंडावर म्हणत नाहीत.

अण्णा म्हणजे माझे वडील. एक्क्याऐंशी वर्षांचे, रिटायर्ड ओव्हरसियर. आयुष्यभर बंधारे आणि रस्ते मोजले, आणि अजूनही हाताला लागेल ते मोजत असतात. गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली तेव्हा मी दहा वर्षांची होते. तेव्हापासून ती गाडी एकट्या अण्णांनी चालवली, एक आठवडा सोडून. त्या आठवड्याबद्दल सांगतेच.

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तो अठराचा झाला तसं अण्णा त्याला रोज सकाळी समोरच्या मैदानावर न्यायला लागले, आणि स्वतः मैदानाच्या मधे उभे राहून सूचना द्यायला लागले. मी तेव्हा चोवीस वर्षांची, नोकरीला लागलेली, गेटात उभी राहून बघायची. आठव्या दिवशी पठ्ठ्यानं गाडी लिंबाच्या झाडावर घातली. अण्णा म्हणाले, "शिकताना होतंच." मी विचारलं, "मग मीपण शिकू का?" तर म्हणाले, "तुला कशाला? तुला न्यायला आम्ही आहोत की." ते मला तेव्हाही लागलं होतं आणि आजही लागतं, खोटं कशाला बोलू? पुढं मी माझी मी शिकले, स्वतःची गाडी घेतली, पंचवीस वर्षं चालवतेय. घाट चढलेय, उतरलेय, एकदा चुलत्याचा ट्रॅक्टरसुद्धा हाकलाय. पण अण्णांच्या गाडीच्या स्टिअरिंगला कधी हात लागला नाही, कारण लावू दिला नाही. भाऊ आता परदेशात असतो आणि तिथं बिनगिअरची गाडी चालवतो.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरनं अण्णांना सांगितलं की गाडी बंद. त्यांना कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडं रोखून बघावं तेच धूसर होतं. गाडी पोर्चमध्ये उभी राहिली. दर रविवारी अण्णा तिच्यात बसायचे, इंजिन सुरू करायचे, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या कंपाउंडच्या भिंतीकडं बघत दहा मिनिटं बसायचे आणि उतरायचे. मला ते बघवायचं नाही. अशात भावानं तिकडं बसून एक गिऱ्हाईक शोधलं. कोणा हॉटेलवाल्याला जुनी गाडी पाहिजे होती, शोभेला, दारातच कुंड्यांच्या मधे उभी करायला. अण्णा नको म्हणाले नाहीत. म्हणाले, "उन्हाळा जाऊ दे, मग सांगतो." म्हणजे उन्हाळा संपेपर्यंत गाडी एकतर माझ्या हातात यायची होती, नाहीतर कुंड्यांमधे जायची होती.

मार्चमधल्या एका रविवारी मी अण्णांकडं गेले, ते गाडीतच बसले होते, तेव्हा सरळ विषयाला हात घातला. "अण्णा, चावी मला द्या. मी चालवते, तुम्ही शेजारी बसा."

 अण्णांनी डॅशबोर्डकडं बोट केलं. काचेखाली, डॅशबोर्डच्या वर, गादीसारखा जाड काळा पॅड असतो ना, तो आमच्याकडच्या उन्हानं पार कामातून गेला होता. या कडेपासून त्या कडेपर्यंत तीन भेगा पडलेल्या. आतला फोम पिवळा पडून शेवेसारखा झालेला. बोट लावलं की भुगा.

"हा पॅड नीट करून आण," अण्णा म्हणाले, "मग चावीचं बघू. आणि ओरिजिनलच पाहिजे. वरून कव्हर-बिव्हर घातलेलं चालायचं नाय."

हा पॅड आता कुठंच मिळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मलाही होतं. पण मी म्हटलं, बघतेच.

आधी तो काढायचा म्हणजेच केवढा खटाटोप! पॅड नऊ नटांवर बसवलेला, आणि नट सगळे डॅशबोर्डच्या पोटात, वर. तिथवर हात जायचा तर एकच मार्ग होता. डोकं खाली पॅडलपाशी, पाठ सीटवर आणि पाय सीटच्या पाठीवरून वर. उन्हाळ्याची सुट्टी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पंजाबी ड्रेस घालून त्या अवस्थेत होते आणि अण्णा बाहेरून बॅटरी धरून उजेड दाखवत होते. त्यांना नीट दिसत नसल्यामुळं उजेड नटावर सोडून सगळीकडं पडायचा.

"डावीकडं फिरव पाना! डावीकडं!"

"अण्णा, मी उलटी आहे. माझी डावी का तुमची डावी?"

"गाडीची डावी!"

शेजारच्या बाई कंपाउंडवरून डोकावल्या आणि काय झालं म्हणून आईला विचारू लागल्या. आईनं शांतपणे सांगितलं, "काही नाही, गाडी शिकतेय." तीन तास लागले. नववा नट सुटला तेव्हा पॅडमधला अर्धा भुगा माझ्या तोंडावर पडला. केस दोनदा धुतले तरी संध्याकाळपर्यंत कणकण निघत होता.

मग शोध. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं की सिल्लोडला एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात अशीच गाडी उभी आहे. गेले. गाडी होती, म्हणजे तिचा सांगाडा होता आणि मागच्या सीटवर कोंबड्या होत्या. मालक भला माणूस. "काय पाहिजे ते काढून न्या ताई," म्हणाला. पण तिथला पॅड उंदरांनी इतका मनापासून खाल्ला होता की न्यायला काही शिल्लकच नव्हतं. एवढ्या लांबून रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून त्यानं मला सहा गावरान अंडी दिली. अण्णांनी घरी विचारलं, "मिळाला?" मी अंडी पुढं केली. आईला इतकं हसू आलं की तिनं पदर तोंडाला लावला.

शेवटी गेले ते जुन्या शहरात, रोशन गेटजवळच्या एका बोळात. तिथं एक चाचा बसतात, गाद्या-सीटांचं काम करतात. साठीच्या पुढचे, बारीक, मेंदीनं लाल झालेली दाढी. तरुणपणी टांग्यांचे हूड शिवायचे, आता मोटारसायकलींची सीटं शिवतात. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, रेक्झिनचे गुंडाळे आणि वर पत्रा. चाचांनी पॅड हातात घेतला, उलटा केला, अंगठ्यानं दाबला. भुगा पडला.

"ताई, ये सब फेकना पडता," चाचा म्हणाले. "नीचे का पत्रा अच्छा है. पत्रे पे नया फोम, नया रेक्झिन. हौ बोलो, बनाके देता."

इथं माझं चुकलं. मला अण्णांचं 'ओरिजिनलच पाहिजे' आठवलं, आणि घाईही होती. मी म्हटलं, "फेकायचं नाही चाचा. भेगा भरा, आणि याच फोमवर नवीन रेक्झिन चढवा." चाचांनी दोनदा नको म्हणून सांगितलं. मी शाळेतल्या आवाजात तिसऱ्यांदा हो म्हणून सांगितलं. चाचांनी हात जोडले आणि कामाला लागले.

त्यांची रीत बघण्यासारखी होती. रेक्झिन चढवायचं काम ते फक्त भर दुपारी करतात. बारा वाजता रेक्झिनचा तुकडा वर छपराच्या पत्र्यावर टाकायचा, आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात. वीस मिनिटांत तो गरम पोळीसारखा मऊ होतो. मग तो उचलायचा, चिकटवायचं सोल्युशन लावलेल्या फोमवर टाकायचा आणि गार व्हायच्या आत कडा ताणून खाली वळवायच्या. हात भाजतात, पण चाचा हातमोजे घालत नाहीत. सुरकुती हाताला कळली पाहिजे म्हणतात. "ये काम धूप का है," ते म्हणाले. "अपन खाली हात लगाते."

दोन दिवसांत पॅड तयार. असा चकचकीत काळा, की मी बोळातच टाळी वाजवली. परत उलटी झाले, नऊ नट लावले. अण्णांनी वरून हात फिरवला आणि दार लावून घेतलं. म्हणजे पास, असं मी धरून चालले.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन. "अगं, ते फुगलंय."

जाऊन बघते तर रेक्झिन तळलेल्या पापडासारखं जागोजाग वर आलेलं. एक कड सुटून काचेला टेकलेली. अण्णा पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले होते. "मी बोललो नव्हतो का," असं तोंडानं म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर तेच होतं. माझं डोकंच फिरलं. पुन्हा उलटं व्हायचं, पुन्हा नऊ नट, आणि तिथून तशीच घामेजलेली रिक्षानं रोशन गेट, कारण त्या बोळांत माझी गाडी शिरत नाही.

बोळात शिरल्या शिरल्या मी तोफ डागली. "चाचा, हे काय काम झालं? तीन दिवस नाही टिकलं! सोल्युशन कसलं लावलं? मी विश्वासानं दिलं होतं तुमच्याकडं!" आजूबाजूच्या दुकानांतून माणसं बाहेर आली. चाचांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग स्टूल पुढं सरकवलं, चहा सांगितला आणि पॅड मांडीवर घेतला. सुटलेली कड उचलली, आत बोट फिरवलं, बोट अंगठ्यावर चोळलं. नाकाला लावलं. परत लावलं. मग माझ्याकडं वर बघितलं.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या घरमें कोई इसकू मालिश करता क्या?"

त्यांनी बोट माझ्या नाकापाशी धरलं. खोबरेल. शुद्ध खोबरेल तेल. चाचांनी फोमचा तुकडा काढून मुठीत दाबला तर मूठ ओशट झाली. "इसपे सोल्युशन कायसे पकडेगा? इसकू तो बरसों से तेल पिलाये."

मला तिथं त्या स्टुलावर एकदम सगळं आठवलं. दसऱ्याला गाडी धुऊन झाली की हळद-कुंकू, झेंडूची माळ, बॉनेटवर स्वस्तिक, आणि डॅशबोर्डला अण्णांच्या हातानं खोबरेल. पाडव्याला परत. लांबच्या प्रवासाआधी परत. आणि आता दोन वर्षं दर रविवारी, दुसरं काही करता येत नाही म्हणून. लहानपणी गाडीत बसलं की खोबरेलाचा वास यायचा, तो मला आईच्या वेणीचा वाटायचा! आमच्याकडं ज्याला त्याला तेलच लावतात. बाळाला, केसांना, दाराच्या बिजागरीला, बैलाच्या शिंगांना. गाडीनं काय पाप केलं होतं?

मी चाचांची माफी मागितली. भर बोळात ओरडले होते, म्हणून माफीही भर बोळात, त्याच आवाजात मागितली. चाचा हसायला लागले. "जाने दो ताई. पर वो तेलवाले को एक बार हमारे पास लाओ."

अण्णांच्या घरी गेले. अण्णा जेवायला बसले होते, आई वाढत होती. मी पॅड सरळ टेबलावर ठेवला. "अण्णा, खरं सांगा. याला किती वर्षं तेल लावताय?"

अण्णांनी घास ताटात ठेवला. "घेतल्यापासून. का?"

"का म्हणजे? तेलानं नासला हा! सोल्युशन धरत नाहीये!"

"लई चमकायचं त्यानं," अण्णा म्हणाले. "ऊन बाधू नये म्हणून लावायचो."

आई वाढायची थांबली होती. "तरीच!" ती म्हणाली. "सणासुदीला बाटली कशी संपते म्हणून मी या पोरीला बोलायची. सातवीत असताना धपाटासुद्धा घातलाय मी हिला त्या तेलापायी. आणि तुम्ही समोर बसून पेपर वाचत होतात!"

आम्ही दोघी हसत सुटलो. मग लक्षात आलं की अण्णा हसत नाहीत. त्यांनी हात पुढं करून चाचपडत पॅड जवळ ओढला आणि सुटलेल्या कडेखाली बोट घातलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातली चूक काढलेला माणूस. ठेकेदार त्यांना टरकून असायचे. "म्हणजे मीच नासवला म्हण की," ते म्हणाले. हळू म्हणाले. मला वाईट वाटलं. असं विचारायला नको होतं, निदान जेवताना तरी, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच फोन केला. "मला त्या माणसाकडं ने."

रोशन गेटच्या बोळात अण्णा माझा हात धरून चालत आले. चाचांनी त्यांना मशीनजवळ स्टुलावर बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. जुना फोम टाकावा लागेल, पत्रा रॉकेलनं धुवावा लागेल, तेव्हाच नवीन धरेल.  अण्णांनी पॅड एकदा दोन्ही हातांत धरून बघितला. मग म्हणाले, "टाका. माझ्यामुळंच गेला तो."

चाचांनी फोम खरवडला. भुग्याचा ढीग झाला, पत्रा उघडा पडला, धुतला, पुसला. आणि मग खरी पंचाईत समोर आली. स्पीडच्या काट्याच्या वर पॅडला एक उंचवटा होता. किती उंच, किती गोल, उतार कुठून सुरू होतो, हे सांगायला आता काहीच उरलं नव्हतं. जुन्याचा भुगा झालेला, सिल्लोडचा उंदरांच्या पोटात. मी फोनवर फोटो दाखवले. चाचांनी मान हलवली. "फोटो से हाथ कू नै समजता."

अण्णा म्हणाले, "फोम आणा इकडं."

पुढचे तीन दिवस अण्णा रोज माझ्याबरोबर रिक्षानं रोशन गेटला गेले. चाचा पत्र्यावर फोमचे थर चिकटवायचे, पॉलिशपेपरनं घासून आकार द्यायचे आणि अण्णांच्या पुढं सरकवायचे. अण्णा समोर रस्त्याकडं बघत, गाडी चालवताना बघावं तसं, डावा हात फोमवरून फिरवायचे. "इथं दोन सूत जास्त आहे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, गवंडी आणि ओव्हरसियर त्यातच बोलतात. पहिल्यांदा चाचांचा विश्वास बसला नाही. त्यांनी टेप लावून दोन्ही बाजू मोजल्या. बरोबर दोन सूत! त्यानंतर त्यांनी टेप बाजूला ठेवली. "साहब का हाथ है के मशीन," मला म्हणाले. त्या तीन दिवसांत मला तिथं कुणी विचारत नव्हतं. दोघं म्हातारे टांग्यांविषयी, जुन्या रस्त्यांविषयी आणि हल्लीच्या सिमेंटविषयी बोलत बसायचे. मी फक्त ने-आण करायची. चौथ्या दिवशी दुपारी रेक्झिन उन्हात टाकलं, चाचांनी ताणलं, आणि कड वळवताना दुसऱ्या टोकाला अण्णांनी धरलं. दोघांचेही हात भाजले.

पॅड बसवला. नऊ नट आता मी डोळे मिटून लावते. अण्णांनी आत बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवला. "बरोबर झालाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदा ऐकत होते.

मी हात पुढं केला. "चावी?"

"बघू."

"कधी?"

"बघू की. घाई काय आहे?"

माझा पारा असा चढला! "घाई?" मी म्हटलं. "चोवीस वर्षांची होते तेव्हापासून थांबलेय मी! त्यानं झाडावर घातली तरी त्याला शिकताना होतंच, आणि मला बघू! तुम्ही सांगितलं म्हणून कोंबड्यांच्या गाडीत शिरले, चारदा उलटी टांगून घेतली, बोळात माफी मागितली. आता आणखी काय करू? हॉटेलात ठेवणार तुम्ही ती, कुंड्यांत, पण माझ्या हातात देणार नाही. मुलगी आहे म्हणून! हेच कारण आहे, दुसरं कुठलंच नाही!" आईनं आत मिक्सर बंद केल्याचं ऐकू आलं. मी रडत होते, आणि रडतेय याचाच मला जास्त राग आला होता.

अण्णा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "तेव्हा मुलगी म्हणूनच दिली नाही. व्हय. ते चुकलंच माझं." मग पॅडवर हात ठेवला. "आता ते नाय. आता दिली की माझ्याकडं काय राहतं, सांग."

 मी डोळे पुसले आणि माझ्या घरी निघून आले. रात्री नवऱ्याला म्हटलं, जाऊ दे, हॉटेलात तर हॉटेलात.

सकाळी सहाला आईचा फोन. "ये लवकर. इस्त्रीचे कपडे घालून पोर्चमध्ये उभे आहेत."

मी पोचले तेव्हा अण्णा गाडीच्या उजव्या दाराशी उभे होते, हात दाराच्या मुठीवर. मला बघून त्यांनी मूठ सोडली. बॉनेटवर हात टेकत टेकत ते पुढून वळसा घालून डाव्या दाराशी गेले. खिशातून चावी काढली आणि बॉनेटवरून माझ्याकडं सरकवली. "चोक अर्धाच ओढ," म्हणाले. "आणि पहिला गिअर पडताना थोडं अडतं. जोर लावू नको, परत न्यूट्रल करून घाल."

पुढची डावी सीट म्हणजे आईची जागा. आई मागं जाऊन बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मी चोक ओढला, चावी फिरवली. गाडी दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. पहिला गिअर अडला, तो मी न्यूट्रल करून परत घातला.

करमाडच्या अलीकडं आमचं शेत आहे, तिथवर जायचं ठरलं. जालना रोडला लागेपर्यंत अण्णांच्या सूचनांचा पट्टा चालू होता. हॉर्न दे. देऊ नको. क्लचवरून पाय काढ. ट्रकच्या मागं राहू नको. एवढ्या जवळून गेलीस! मला दिसलं नाय तरी कळतं! मी एकदाही उलटून बोलले नाही, हा माझा विक्रम आहे. चिकलठाणा मागं पडल्यावर सूचना विरळ झाल्या. शेंद्र्याच्या पुढं रस्ता मोकळा लागला, मी वरचा गिअर टाकला आणि तो लोण्यासारखा पडला. अण्णांनी मान हलवली. खिडकीतून हात बाहेर काढून वारा घेत बसले. मला इतका आनंद झाला होता की मी मोठ्यानं गाणं म्हणायला लागले, आणि माझा आवाज कसा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. कुणी थांबवलं नाही.

शेतात आंब्याखाली गाडी उभी केली, बंद केली, चावी काढून घेतली. मी उतरले, आई मागच्या दारानं उतरली. अण्णा उतरेनात. मला वाटलं मन भरून आलं असेल, बसू द्यावं थोडं. पण ते दाराशी झटापट करत होते. मूठ खाली दाबत होते, मागं ओढत होते, दाराला कोपर मारत होते.

"हे उघडत का नाय?" अण्णा म्हणाले. "कधीपासून बिघडलंय?"

मी वाकून बघितलं. मलाही कळेना. मी कायम मागं बसणारी.

आई पिशवी खाली ठेवून आली. तिनं खिडकीतून हात आत घातला, मूठ वर उचलून धरली आणि दुसऱ्या हातानं दार बाहेर ओढलं. उघडलं. "आतून उघडताना मूठ वर धरायची आणि खांद्यानं ढकलायचं," ती म्हणाली. "पहिल्यापासून तसंच आहे ते."

"पहिल्यापासून? मग बोलली का नाहीस कधी?"

"कुणाला बोलणार? मी दार उघडून उतरेपर्यंत तुम्ही पुढं निघून गेलेले असायचे."

तिनं हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हटलं आणि पिशवी उचलून विहिरीकडं चालायला लागली. अण्णा उघड्या दारातून ती गेली त्या बाजूला बघत राहिले. त्यांना ती किती दिसत होती कुणास ठाऊक.

मी त्यांना उतरवायला हात पुढं केला. त्यांनी तो धरला नाही. पाय परत आत घेतले, दार ओढून लावलं.

"थांब जरा," म्हणाले. "मला करून बघू दे."